शीर्षकाच्या पट्टीखाली

१

सकाळी नऊ वाजता टोपीवाल्याने वरच्या मजल्यावरच्या खोलीचा दिवा लावला आणि तो मटकन खाली बसला. फळ्यांवर एकशे बेचाळीस व्हिडिओ गेमच्या कॅसेटी रोजच्यासारख्या ओळीने उभ्या होत्या, पण एकीवरही लेबल नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वीची ती चित्रं, आग ओकणारे राक्षस, अंतराळयानं, तलवारी उपसलेले वीर, सगळी कोणीतरी खरवडून काढली होती. जमिनीवर रंगीत कपट्यांचा ढीग पडला होता आणि फळ्यांवर उरलं होतं नुसतं राखाडी प्लॅस्टिक.

हा गृहस्थ घरातसुद्धा टोपी घालायचा, म्हणून टोपीवाला. कोणी 'कॅसेट' म्हटलं की 'कार्ट्रिज म्हणा' असं सुनावल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. बायकोने पाणी दिलं, ते प्यायला आणि त्याने पहिला फोन लावला तो भिंगबाईंना.

भिंगबाईंनी चौतीस वर्षं एका ऑफसेट छापखान्यात रंगांची प्रुफं तपासण्यात घालवली होती. निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी रिक्षातच सोडून दिलं. भिंग स्वतःचं होतं, ते गळ्यात राहिलं. जुनं पोस्टर खरं की नव्याने छापलेलं, सही शाईची की छापील, असलं काही अडलं की लोक त्यांचं दार ठोठावायचे. बाईंची नजर तिखट होती आणि जीभ तिच्याहून तिखट. आपण कधी चुकत नाही अशी त्यांची खात्री होती, आणि ती दुसऱ्यांचीही असावी असा त्यांचा हट्ट होता.

त्या या प्रकरणात आधीच होत्या. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता टोपीवाल्याच्या खालच्या दिवाणखान्यात प्रदर्शन उघडणार होतं. केव्हाच बंद पडलेल्या एका छोट्या गेम कंपनीची सात कव्हरं, आणि कव्हरांखाली, आयुष्यात पहिल्यांदा, चित्रकाराचं नाव. कंपनीने ते कधीच छापलं नव्हतं. आता त्या नावावर दोन दावे होते. एक कंपनीचा जुना कलाप्रमुख. दुसरा तिथलाच पेंटर, जो नऊ वर्षांपूर्वी पक्षाघाताने खुर्चीला खिळला होता आणि ज्याच्या वतीने त्याची लेक बोलत होती. कोणाचं नाव लावायचं ते भिंगबाई सांगणार होत्या. पाटी रंगवणारा आज संध्याकाळी पाचपर्यंत थांबणार होता, त्यापुढे नाही.

"हे त्या कलाप्रमुखाचंच काम," बाई येताच टोपीवाला कण्हला. "पुरावा नको म्हणून."

बाई फळ्यांकडे वळल्या. त्या एकेक कॅसेट भिंगाखाली धरत गेल्या. पंचवीस झाल्या, पन्नास झाल्या. सगळीकडे नखांचे नाहीतर पातीचे ओरखडे, अर्धवट चिकटलेला कागद, फाटलेले कोपरे. त्र्याण्णवावी कॅसेट त्यांनी धरली आणि बराच वेळ धरूनच ठेवली.

"ही कुठली?"

"'दीपगृह'. नमुन्याची कॅसेट. जगात लेबल असलेली ही एकच उरली होती हो."

"हिच्यावर एक ओरखडा नाही," बाई म्हणाल्या. "गरम करून, चिकटलेलं कातडं सोडवावं तसं अलगद काढलंय. बाकीच्या एकशे एक्केचाळीस नुसत्या धूळफेक आहेत. चोर एका लेबलासाठी आला होता, आणि ते त्याला नष्ट करायचं नव्हतं."

२

"या लेबलावर काय होतं?" बाईंनी विचारलं.

टोपीवाल्याला जरा हुशारी आली. त्याने कपाटातून जाडजूड वही काढली. "'दीपगृह'. चारही कोपरे शाबूत. चमक नव्वद टक्के. उजव्या कडेला केसाएवढी चीर, तीही तिरप्या उजेडातच दिसणारी."

"ते लेबल कसं होतं हे झालं. लेबलावर काय होतं?"

"दीपगृह. खोक्यावरचंच चित्र."

"खोक्यावर गेमच्या नावाची पट्टी वरती आहे. लेबलावर कुठे होती?"

"खाली. पट्टीजवळ एक बारीक ठिपका होता, तो मी वहीत घेतलाय."

"म्हणजे खोक्यावर पट्टीने जेवढं झाकलंय, तेवढं लेबलावर उघडं होतं. तिथे काय होतं?"

टोपीवाला वहीची पानं उलटत राहिला. तेरा वर्षं ती कॅसेट त्याच्याकडे होती. दर महिन्याला तो ती हातमोजे घालून पुसायचा. कोणाला फोटो काढू दिला नव्हता, हात लावू दिला नव्हता.

"दीपगृहाचं टोक असणार," शेवटी तो म्हणाला. "आणखी काय असणार?"

दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला हसू आवरेना. "यांना विचारू नका, बाई. माझ्याकडेही हे असेच बघतात. केस किती पिकले, वजन किती वाढलं. चेहरा विचाराल तर सांगता यायचा नाही."

"तुम्ही काल कुठे होता?"

"घरातच. आणि मी केलं असतं तर कॅसेटींसकट भंगारात दिलं असतं. लेबलं सोलत बसायला मला सवड आहे का?"

हे बाईंना पटलं. आदल्या दिवशी तीन ते सहा टोपीवाला खाली सुतारांच्या मागे होता. वरच्या खोलीची किल्ली दारालाच होती. पेंटरची लेक वडिलांचं कच्चं रेखाटन फ्रेम करून आणून, खाली काम चालू म्हणून, वरच्या खोलीत लावत होती. कलाप्रमुख मांडणी बघायला म्हणून येऊन गेला होता. दोघंही आपापल्या वेळी बराच वेळ वर एकटे होते.

"एकच कॅसेट कशी उरली हो जगात?" निघताना बाईंनी विचारलं.

"त्या लॉटचा डिंकच खराब निघाला. वर्षभरात सगळी लेबलं गळाली, गळाली तशी लोकांनी फेकली. ही नमुन्याची, लॉटच्या आधीची, म्हणून टिकली." टोपीवाल्याने डोळे पुसले. "कंपनीच्या बाकी सहा गेमना असं कधी झालं नाही. याच एका गेमच्या नशिबी आलं."

बाई जिन्यात थांबल्या. मग पुढे उतरल्या.

३

कलाप्रमुखाच्या घरात वर्तमानपत्रसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवलेलं होतं. सत्तरीचा माणूस, पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं. भिंगबाईंना त्याने आतली खुर्ची दिली, चहा विचारला आणि लेबलांबद्दल दुःख व्यक्त केलं. दुःख तोंडदेखलं होतं.

"सातही कव्हरं माझीच," तो म्हणाला. "त्या पेंटरची लेक भाबडी आहे. बापाने सांगितलं, तिने धरलं."

"'दीपगृह'च्या पट्टीखाली तुम्ही काय काढलं होतं?"

"काही नाही. नाव यायचं तिथे मोकळं आकाश सोडायचं, हा आमच्या कामाचा पहिला नियम. तिच्या बापाच्या रेखाटनातही आकाशच आहे, बघा ना."

"बघितलंय. म्हणजे तुम्ही दीपगृह काढलंत आणि त्याला दिवाच काढला नाहीत?"

कलाप्रमुखाने पेन खिशातून काढून पुन्हा खिशात ठेवलं.

"पाच वाजता मी पाटीवर नाव देणार आहे," बाई म्हणाल्या. "आणि कोणाचं का नाही, हेही चारचौघांत सांगणार आहे. ते कोणत्या शब्दांत सांगायचं ते तुमच्यावर आहे."

त्याचा ताठा एकदम उतरला. चित्रं पेंटरच आणून द्यायचा, हे त्याने कबूल केलं. पण आखणी कोणाची? पट्टी कुठे, अक्षर केवढं, हे कोण ठरवायचं? पट्टी बसेपर्यंत चित्राला अर्थ नसतो, तेव्हा निम्मं काम आपलंच.

"पट्टीखाली काय गेलं ते बघितलं नाहीत?"

"बाई, जाहिराती, पत्रकं धरून महिन्याला चाळीस कामं असायची. मी जागा बघायचो. चित्र कोण बघत बसणार?"

"आणि 'दीपगृह' त्याने कधी आणून दिलं?"

"त्याने नाही. तो तेव्हा चार महिने दुसऱ्या गावी होता, कारखान्यात. लेबलं चिकटवण्याचं काम त्याच्या हाताखाली होतं. चित्र त्याच्या घरून पार्सलने आलं. बायकोने पाठवलं असेल."

"आधी काढून ठेवलेलं?"

"असेल," कलाप्रमुख म्हणाला. मग आठवून त्याने कपाळाला आठी घातली. "ओलं होतं मात्र. तैलरंग. बांधलेला कागद एका कोपऱ्याला चिकटून बसला होता, मी शिव्या घातल्या होत्या."

"त्यानंतर त्याने किती चित्रं दिली?"

"एकही नाही. बायको कोणाबरोबर तरी निघून गेली म्हणे. तेव्हापासून त्याने ब्रश धरला नाही. नोकरीत राहिला, लेबलांवरच."

"त्या बायकोचं नाव काय?"

कलाप्रमुखाने खांदे उडवले. "कामगाराच्या बायकोचं नाव मला कशाला माहीत असेल?"

४

पेंटरची लेक मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. बेचाळिशीची, शिडशिडीत, बोलताना मान वर न करणारी. भिंगबाई गेल्या तेव्हा ती एका फोनची काच उघडत होती. छोट्या गरम प्लेटवर फोन ठेवलेला, हातात प्लॅस्टिकची पातळ चकती. चकती कडेने फिरत गेली आणि काच एक तडा न जाता वर आली.

बाईंनी ते नीट बघून घेतलं. चोर कळायला त्यांना आणखी काही नको होतं. फक्त चोरी कशासाठी, हे अजून कळायचं होतं. बाईंना अर्धवट उत्तराचा तिटकारा होता.

"'दीपगृह'ची कॅसेट तू याआधी कधी बघितली होतीस?"

"नाही. घरी फक्त खोका होता, तो बाबांनी भिंतीवर लावला होता. कॅसेट कालच बघितली."

"काय दिसलं?"

"ते काका हात लावू देत नाहीत. लांबूनच बघितली." तिने काच रुमालावर ठेवली. "माझ्या बाबांचं नाव लावणार ना तुम्ही? मी शाळेत सगळ्यांना सांगायचे, माझ्या बाबांनी काढलंय म्हणून. कोणाला खरं वाटायचं नाही. नऊ वर्षं मी त्यांना भरवते, पुसते, कूस बदलते. त्यांच्या हयातीत ती पाटी लागावी एवढंच आहे माझं."

"रेखाटन तुला कधी दिलं त्यांनी?"

"मी नववीत असताना. म्हणाले, चित्राआधीचं आहे."

तिने चहाचा कप उचलला. डावा हात कोपरात जरा वाकडा होता, कप तोंडापर्यंत नेताना तिला खांदा उचलावा लागत होता. बाईंची नजर तिथे गेल्याचं तिला कळलं.

"चार वर्षांची असताना जिन्यावरून पडले. सहा आठवडे प्लॅस्टर, हात झोळीत. बाबा तेव्हा कारखान्यात होते, आत्या तिच्या गावी. ते आले तेव्हा प्लॅस्टर सुटलेलं होतं, आत्या सांगायची."

"आणि आई?"

लेकीने कप खाली ठेवला. काल हाच प्रश्न कोणी विचारला असता तर तिच्या तोंडून शिवी आली असती. आज तिने घाईघाईने पुढचा फोन ओढला.

५

बाई टोपीवाल्याकडे परतल्या तेव्हा तीन वाजत आले होते. त्यांनी 'दीपगृह'चा खोका आणि पेंटरचं रेखाटन खिडकीपाशी शेजारी शेजारी ठेवलं आणि टोपीवाल्याला बाहेर घालवलं.

भिंगाखाली कव्हर हे नुसत्या ठिपक्यांचं रान असतं. पण ज्याचा हात चांगला, त्याचा ब्रश ठिपक्यांतूनही कळतो. समुद्र निळा नव्हता, काळपट हिरवा होता, आणि लाटांच्या कडांना एवढासा लाल लावलेला होता, म्हणून थंडी वाजत होती. पायऱ्या चढणाऱ्या माणसाची फक्त पाठ दिसत होती, तरी तो दमलाय हे समजत होतं. आत गेममध्ये काय असणार, चार चौकोन आणि एक उडणारा ठिपका. तेवढ्यासाठी कोणीतरी इतका जीव ओतला होता. आयुष्यभर छापलेली चित्रं बघूनही बाईंना भिंग त्यावरून हलवेना, आणि त्याचा त्यांना रागही आला.

मग त्यांनी खालचा खडक बघितला. दीपगृहाच्या वरच्या खोलीतला उजेड त्या खडकावर सांडला होता, पिवळा, चौकोनी. त्या पिवळ्यात दोन काळे आकार होते. रेखाटनात नेमक्या त्याच जागी खडकाला दोन भेगा दाखवल्या होत्या. चाळीस वर्षं सगळ्यांनी त्यांना भेगाच मानलं असणार.

पण भेगा उजेडात काळ्या दिसतात, तशा उजेडाबाहेरही काळ्या दिसायला हव्यात. या दोन्ही उजेडाच्या चौकोनात सुरू होऊन तिथेच संपत होत्या. या सावल्या होत्या. वर, पट्टीखाली, दिव्यासमोर कोणीतरी दोघं बसली होती. एक मोठं, एक लहान. आणि लहानाच्या सावलीला छातीपाशी एक आडवा कोन होता, झोळीत अडकवलेल्या हातासारखा.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. आता सगळं जागेवर बसलं. प्लॅस्टर सहा आठवडे होतं आणि त्या दिवसांत पेंटर दुसऱ्या गावी होता. चित्र घरून आलं, तेही ओलं. घरात मोठं माणूस एकच होतं. त्या बाईने दिव्यासमोर स्वतःला बसवलं, मांडीवर लेकीला घेतलं, आणि ती घरातून गेल्यावर नवऱ्याने पुन्हा ब्रश धरला नाही, कारण त्याने तो कधी धरलेलाच नव्हता. पट्टीखाली काय आहे ते ठाऊक नसलेल्या माणसाने नंतर खोक्यावरून रेखाटन उतरवलं आणि सावल्यांना भेगा समजला.

आणि काल संध्याकाळी एका लेकीने ते लेबल पहिल्यांदा जवळून बघितलं.

टोपीवाला दाराबाहेर कान लावून उभा होता. "कळलं का कोण ते?"

"कळलं," बाई म्हणाल्या. "पाटीवाल्याला थांबवून ठेवा. सात कव्हरं, एकच नाव. ते नाव घेऊन येते."

६

पेंटरची खोली स्वच्छ होती, औषधांच्या बाटल्या ओळीने, चादर ताठ. खुर्ची खिडकीकडे असायची हे फरशीवरच्या जुन्या खुणांवरून कळत होतं. आज ती फिरवून भिंतीपुढे आणली होती, हातभर अंतरावर. म्हाताऱ्याचं डोकं दोन्ही बाजूंनी उशांमध्ये बसवलेलं होतं. त्याच्या डोळ्यांच्या नेमक्या समोर, भिंतीवर, आगपेटीएवढं लेबल चिकटवलं होतं.

"काल संध्याकाळपासून बघतायत," लेक म्हणाली. चोरी उघडी पडल्याची भीती तिच्या आवाजात कुठेच नव्हती. "मान वळत नाही त्यांची."

बाईंनी वाकून भिंग धरलं. दिव्यासमोर एक बाई बसली होती. चेहरा मुगाच्या दाण्याएवढा, पण चेहराच, रुंद कपाळ, जरा थकलेले डोळे. मांडीवर मूल, पांढऱ्या झोळीत डावा हात. दोघी खालच्या त्या दमलेल्या माणसाची वाट बघत होत्या.

"आईचा एकही फोटो नाही घरात," लेक म्हणाली. "बाबांनी जाळले. ती तुला टाकून गेली, म्हणाले. मी सोळा वर्षांची असताना एक बाई दारात आली होती. हाच चेहरा. 'मी आई' एवढंच म्हणाली. मी कडी लावली. बाबा आत बसून ऐकत होते, त्यांनी मला शाबासकी दिली."

"बाकीची लेबलं का खरवडलीस?"

"आधी वाटलं, कोणाला कळू नये. बाबांचं नाव लागू दे आणि हे माझ्याकडे राहू दे. मग एक सोललं, दुसरं सोललं, आणि हात थांबेना."

बाईंनी ओढणीने भिंग पुसलं. खरं तर त्यांचं काम झालं होतं. पण पुरं झालेलं उत्तर मोठ्याने सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे, मग ऐकणारा कोणीही असो. म्हाताऱ्याच्या देखतच त्यांनी ओलं चित्र, प्लॅस्टर, सावल्या, भेगा सगळं क्रमाने मांडलं. लेक एकेका वाक्यागणिक पांढरी पडत गेली. लेबलावर आई दिसते एवढंच तिला कळलं होतं. चित्र बापाने काढलेलंच नाही, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने खाटेची कड धरली.

"यांना ऐकू येतं ना?" बाईंनी विचारलं.

"सगळं येतं. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा की नाही."

बाई म्हाताऱ्याच्या समोर गेल्या. "सातही चित्रं तुमच्या बायकोने काढली?"

पापणी एकदा मिटली. वेळही लागला नाही.

"तुम्ही कारखान्यातून परत आलात. वर कोण बसलंय हे तुम्हाला माहीतच नव्हतं, म्हणून रेखाटनात चुकलात."

दोनदा.

भिंगबाईंना वाटलं आपल्या बघण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा दोनदा. आणि मग त्यांना टोपीवाल्याचा तो खराब डिंक आठवला, एकाच गेमच्या नशिबी आलेला.

"नमुन्याची कॅसेट तुम्ही कारखान्यात बघितलीत. ती स्वतःच चित्रात बसली, हे बघितलंत. आणि लॉटला मुद्दाम वाईट डिंक लावलात."

एकदा.

"ती निघून गेली नाही. तुम्ही तिला घराबाहेर काढलंत."

एकदा. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, हलण्यासारखं काही उरलंही नव्हतं. पण डोळे स्वच्छ होते. सावल्या काय आहेत हे पुरतं ठाऊक असून त्याने भेगा काढल्या होत्या, आणि ते रेखाटन लेकीच्या हातात दिलं होतं.

लेकीने खाटेची कड सोडली. तिने कोपऱ्यातून अक्षरांचा मोठा तक्ता आणला आणि लेबलाच्या खाली भिंतीला टेकवला. त्याला पाणी हवं, कूस बदलायची, दिवा मालवायचा, हे सगळं नऊ वर्षं याच तक्त्यावर चालायचं. ती बोटाने अक्षरं दाखवायची, हव्या त्या अक्षरावर तो पापणी मिटायचा.

"पाच वाजायला वीस मिनिटं आहेत," बाई म्हणाल्या. "आईचं नाव सांग, मी फोन करते."

"मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"माझ्या सगळ्या कागदांवर आईच्या जागी आत्याचं नाव आहे. बाबांनीच घातलं. आत्या गेली. लहानपणी मी आईला नुसतं आई म्हणायचे, आणि बाबा 'ती' म्हणायचे." तिने तक्त्यावरच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. "बाबा, आईचं नाव."

म्हाताऱ्याने डोळे मिटले.

"पहिलंच अक्षर?" बाईंनी विचारलं.

लेकीने नाही अशी मान हलवली. डोळे उघडलेच नाहीत. तिने वाट बघितली. अर्धं मिनिट झालं, मिनिट झालं. बुबुळं पापण्यांखाली हलत होती, तो जागा होता. हात गेला, पाय गेले, वाचा गेली, पण एवढं एक दार त्याचं त्याच्या हातात होतं आणि ते त्याने आतून लावून घेतलं होतं.

"बाबा," लेक म्हणाली. "बाबा, एवढंच सांगा. मी पुन्हा काही विचारणार नाही. खुर्ची खिडकीकडे करते."

काही नाही. तेव्हा तिने अंगठा आणि बोट त्याच्या डाव्या पापणीवर ठेवलं आणि सवयीच्या हलक्या हाताने ती वर उचलली, मग उजवी. म्हाताऱ्याचे दोन्ही डोळे उघडले. समोर लेबल होतं, लेबलाखाली तक्ता.

"बाई, तुम्ही अक्षरं दाखवा. मी धरते."

बाईंनी बोट पुढे केलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. उघडे धरलेले डोळे उत्तर देऊ शकत नाहीत. सोडले की तो ते मिटून ठेवणार. त्यांनी लेकीकडे बघितलं. तिच्याही ते लक्षात आलं होतं, तरी तिने बोटं काढली नाहीत. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून कोरडेपणाने पाणी आलं आणि तिच्या मनगटावर ओघळलं.

बाईंचा फोन वाजला. टोपीवाला होता. पाटीवाला ब्रश भिजवून बसलाय म्हणाला, नाव काय घालायचं?

बाईंनी दोनदा तोंड उघडलं. चौतीस वर्षांत त्यांनी एकही प्रूफ 'कळत नाही' म्हणून परत पाठवलं नव्हतं.

"अज्ञात," त्या म्हणाल्या. "अज्ञात लिहायला सांगा."

त्यांनी फोन ठेवला. भिंतीवरचं लेबल परत न्यायचं होतं, ते नेण्याचं धैर्य त्यांना झालं नाही. लेकीने बोटं सोडली. पापण्या लगेच मिटल्या. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि पहिल्या ओळीतलं पहिलं अक्षर पुन्हा दाखवू लागली.